नुसतं गवत काय बघायचं? (वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं)

मागच्या अंकात मी आमच्या घराजवळच्या नॉर्थ पार्क व्हिलेज नेचर सेंटरवर चार ओळी लिहिल्या होत्या. शिकागो शहराच्या आत, पुलास्की रोडवर, ४६ एकरांचा तुकडा, त्यात प्रेअरीचं गवत, ओकची राई, एक तळं, उद्यानवाले मधूनमधून मुद्दाम गवत पेटवतात, आणि तिकीट नाही. एवढंच लिहिलं होतं, पण त्यावर पत्रं आणि मेसेज इतके आले की यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. बहुतेक पत्रं मुलांकडे सहा महिने राहायला आलेल्या आई-बाबांची आहेत, आणि ते साहजिकच आहे, कारण मुलं ऑफिसला गेल्यावर दिवसभर करायचं काय हा इथला सगळ्यात मोठा प्रश्न.

सांगलीचे निवृत्त शिक्षक, सध्या मुलाकडे नेपरव्हिलला: ताई, तुमचं वाचून मुलाने हौसेने नेलं. तासभर गाडी हाणली, आणि बघतो तर काय, कमरेएवढं गवत आणि मधनं पायवाट! आमच्या जत-आटपाडीकडे असा माळ कितीतरी पडलाय, तिथे कोण बघायला जातं का? रागावू नका, पण एवढं लिहिण्यासारखं त्यात काय आहे ते सांगा.

काका, रागावतेय कशाला, मी पहिल्यांदा गेले तेव्हा नवऱ्याला अगदी हेच म्हटलं होतं. आणि तुम्ही माळ हा शब्द वापरलात ना, तो एकदम बरोबर आहे, प्रेअरीला मराठीत याहून चांगला शब्द नाही. फक्त "पडलाय" म्हणालात तिथे माझी गाडी अडते. आपल्याकडे माळ म्हणजे पडीक, आणि इथेही दोनशे वर्षांपूर्वी आलेल्या गोऱ्या शेतकऱ्यांना आधी तसंच वाटलं होतं, जिथे झाड उगवत नाही ती जमीन कसली, म्हणून ते नदीकाठची झाडी बघून तिथे घरं बांधायचे. मग नांगर घातला तर माती फाळाला अशी चिकटायची की दर थोड्या अंतरावर थांबून खरवडायला लागायचं, आपल्या काळ्या रानात पाऊस पडून गेल्यावर होतं तसं. १८३७ मध्ये जॉन डीअर नावाच्या लोहाराने याच इलिनॉयमध्ये गुळगुळीत पोलादाचा फाळ बनवला, माती आपोआप सुटायला लागली, आणि मग काय, पन्नासेक वर्षांत सगळा माळ मक्याखाली गेला. सुमारे २ कोटी २० लाख एकर होता तो. आज मूळचा, कधीच न नांगरलेला चांगला माळ उरलाय तो साधारण दहा हजार एकरांमागे एक एकर. या राज्याचं टोपणनाव अजून प्रेअरी स्टेट आहे बरं का. रेल्वेच्या रुळांच्या कडेला, जुन्या कबरस्तानांत, असे कुठेकुठे तुकडे राहिलेत, कारण तिथे नांगर गेला नाही.

तुम्ही पाहिलात तो तुकडा मूळचा नाही, तो मुद्दाम बी पेरून, तण उपटून परत वसवलेला आहे. त्या जागेची पण गंमत आहे, आधी तिथे पीटरसन नावाच्या स्वीडिश माणसाची झाडांची नर्सरी होती (शेजारचा पीटरसन अॅव्हेन्यू त्याच्याच नावाचा), मग १९१५ मध्ये शहराने तिथे क्षयरोग्यांचं सॅनेटोरियम उघडलं. आपल्याकडे मिरज-पाचगणीला पाठवायचे ना, तसंच, मोकळी हवा आणि ऊन हेच औषध. १९७४ ला ते बंद झालं. एवढी मोठी मोकळी जागा शहरात म्हटल्यावर बांधकामवाल्यांचा डोळा गेलाच, पण आजूबाजूचे लोक आडवे पडले, म्हणून आज तुम्हाला तिथे गवत दिसलं. नाहीतर दुकानांची रांग दिसली असती.

आता बघायचं काय ते सांगते. पुढच्या वेळी वाटेवर उभं राहून लांबवर बघू नका, लांबून ते हिरवंच दिसणार. एका ठिकाणी थांबा आणि कमरेच्या उंचीवर बघा. ऑगस्टमध्ये एक गवत तुमच्या डोक्याच्या वर गेलेलं असेल, त्याच्या तुऱ्याला तीन बोटं फुटलेली असतात, अगदी कोंबडीच्या पायासारखी, ते बिग ब्लूस्टेम. इथले लोक त्याला टर्कीचा पाय म्हणतात. त्याच्या आसपास पिवळ्या फुलांचा उंच दांडा दिसला तर खाली वाकून बुंध्याजवळची पानं बघा, हातभर लांब, पपईसारखी कातरलेली, आणि हात लावला तर पॉलिश पेपरसारखी खरखरीत. ते कंपास प्लांट. ती पानं उभी राहतात आणि त्यांच्या कडा उत्तर-दक्षिण धरतात, म्हणजे सकाळचं आणि संध्याकाळचं ऊन पानाच्या दोन्ही बाजूंना मिळतं आणि भर दुपारी पान करपत नाही. मोबाईलमधलं होकायंत्र उघडून तपासा, मी तपासलंय, अगदी काटेकोर नाही पण दिशा कळते. आणि या झाडाचं मूळ १५ फुटांपर्यंत खाली जातं. पंधरा! म्हणजे आपल्याला दिसतो त्यापेक्षा जास्त माळ जमिनीखाली असतो, आणि हजारो वर्षं ही मुळं कुजून कुजून ती काळी माती झाली जिच्यावर आज हा अख्खा देश मका खातोय.

आणि काका, नेपरव्हिलहून इतक्या लांब यायची गरजच नव्हती हो. तुमच्या गावातच स्प्रिंगब्रुक प्रेअरी आहे, १८०० एकरांच्या घरात, आणि जवळच लाइलला मॉर्टन आर्बोरेटम, म्हणजे झाडांचं मोठं उद्यान आहे, तिथे तिकीट पडतं, पण त्यांनी १९६२ पासून हाताने लावत आणलेला प्रेअरीचा भाग बघण्यासारखा आहे. मुलाला सांगा शनिवारी सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत. आणि परत गेलात की जतच्या माळावर एकदा असंच खाली वाकून बघा आणि मला लिहा.

पुण्याच्या एक आजी, सध्या मुलीकडे शिकागोत: माझे दोन्ही गुडघे गेलेत, गाडी येत नाही, इंग्रजी बेताचं. मी एकटी जाऊ शकेन का?

जाऊ शकाल. पुलास्कीवरून ५३ नंबरची बस जाते, ड्रायव्हरला "नेचर सेंटर" एवढे दोन शब्द सांगितले तरी पुरे. आत गेल्यावर आधी इमारतीत जा, तिथे वॉशरूम आहे, बसायला आहे, नकाशा मागून घ्या. वाटा कच्च्या आहेत पण चढ-उतार जवळजवळ नाही, पाऊस पडून गेला असेल तर मात्र त्या दिवशी राहू द्या, चिखल होतो आणि काठी रुतते. सगळं फिरायचा हट्ट नको, तळ्यापर्यंत जाऊन बसलात तरी बदकं, कासवं, नशीब असेल तर बगळ्याचा इथला मोठा भाऊबंद, सगळे समोर येतात. हरणंही आहेत, आणि ती माणसाला इतकी सरावलीत की बघत उभी राहतात, त्यांना पोळी घालू नका. कुत्र्यांना बंदी आहे, त्यामुळे अंगावर कुणी धावून येईल ही भीती नाही, मला तर हेच सगळ्यात आवडतं. मुलीला निघताना आणि पोचल्यावर फोन करा. परतताना डेव्हन अॅव्हेन्यू, म्हणजे इथला देशी बाजार, गाडीने दहा मिनिटांवर आहे, तिला म्हणावं ऑफिसातून येताना घे मला, कोथिंबीर-मिरची पण होईल.

नाव नको म्हणणाऱ्या एक सूनबाई, शॉमबर्ग: सासरे रानात कुठेही घुसतात, अडवलं तर "आम्ही कोकणातले, आम्हाला काय शिकवता" म्हणतात. इथे पॉयझन आयव्ही आणि गोचीड यांची भीती वाटते. त्यांना पटेल असं काहीतरी लिहा, मी कॉलम दाखवते.

आजोबा, हे तुमच्यासाठी. तुम्ही कोकणातले आहात म्हणूनच तुम्हाला हे इथल्या लोकांपेक्षा लवकर कळेल. बिब्बा उतलेला माणूस तुम्ही पाहिलाय ना? अंगावर लाल फोड, पाणी सुटतंय, खाज अशी की रात्रभर झोप नाही. आंब्याचा चीक ओठाला उततो, काजूच्या टरफलाचं तेल हाताची साल काढतं. पॉयझन आयव्ही त्याच कुळातली. बिब्बा, काजू, आंबा, आणि ही वेल, सगळी चुलत भावंडं, आणि अंगाला उततं ते तेलही एकाच जातीचं. ज्याला आंब्याचा चीक उततो त्याने तर हिच्यापासून जास्तच जपावं.

ओळखायची कशी, तर तीन पानांचा जुडगा. मधल्या पानाला लांब देठ, बाजूच्या दोघांना अगदी आखूड. कधी जमिनीवर पसरते, कधी झुडपासारखी, कधी झाडावर चढते, आणि चढली की तिच्या खोडाला दाट केसाळ मुळं फुटतात, दोरीला काथ्या लागल्यासारखी. पाच पानं असली तर ती दुसरी वेल, घाबरू नका. हिवाळ्यात पानं गळली तरी खोडात तेल असतंच, म्हणून केसाळ दोरी दिसली तर हात लावायचा नाही. मी स्वतः याच चुकीत सापडलेय, पहिल्या वर्षी पानं नाहीत म्हणून बिनधास्त एका झाडाला टेकून फोटो काढला, दोन दिवसांनी मानेपासून कोपरापर्यंत उतलं, आणि आई फोनवर विचारत होती, "अगं तिकडे बिब्बा कुठे मिळाला तुला?"

लागलंच तर लगेच, म्हणजे शक्य तितक्या लवकर, साबणाने खसखसून धुवा, नखांखाली पण. कपडे वेगळे धुवा, बूट पुसा, काठी पुसा, कारण ते तेल वस्तूंवर बरेच दिवस टिकतं. फोडातल्या पाण्याने मात्र ते पसरत नाही, तो लोकांचा गैरसमज आहे. तोंडावर, डोळ्यांजवळ आलं किंवा अंगभर सुजलं तर डॉक्टर.

गोचिडाचं वेगळं. आपल्याकडे गोचीड म्हणजे म्हशीचा, त्याला आपण दाद देत नाही. इथला हरणावरचा गोचीड लहानपणी तिळाहून बारीक असतो आणि त्याच्यामुळे लाइम नावाचा आजार होऊ शकतो. उपाय कंटाळवाणा आहे पण चालतो: फुलपँट, पँट मोज्यात खोचलेली (दिसतं वाईट, दिसू दे), फिके कपडे म्हणजे काळा ठिपका लगेच दिसतो, वाटेच्या मधोमध चालायचं, डीट (किडे दूर ठेवणारं औषध) असलेला स्प्रे मारायचा आणि घरी आल्यावर अंघोळीच्या वेळी काखा, गुडघ्यामागचा भाग, कानामागे, कमरेच्या नाडीची जागा नीट बघायची. चिकटलेला सापडला तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायचा. काडीने चटका देणं, रॉकेल-तेल लावणं हे आपले उपाय इथे अजिबात करू नका. तारीख लिहून ठेवा, पुढच्या महिनाभरात गोल वाढत जाणारा लाल डाग किंवा ताप आला तर डॉक्टरांना ती तारीख सांगा. आणि सूनबाई, सासऱ्यांचा ट्रॅव्हल इन्शुरन्स कशाकशाला पैसे देतो ते आजच काढून वाचा, फिरायला जायच्या आधी.

साताऱ्याचा एक कॉलेजचा मुलगा: ताई, आम्ही मित्र दर उन्हाळ्यात डोंगरावरचे वणवे विझवायला जातो, जाळपट्टे काढतो. आणि तुम्ही लिहिलंय की तिकडे उद्यानवालेच गवत पेटवतात. हे कसं काय बरोबर?

तुझा प्रश्न मला सगळ्यात आवडला, आणि आधी तुम्हा पोरांना शाबासकी.

इथे पाऊस वर्षाला सरासरी ९०० मिलिमीटरच्या आसपास पडतो, बर्फ धरून, म्हणजे झाडं वाढायला भरपूर झाला. मग माळ माळ राहिला कसा? तर आगीमुळे. वीज पडून लागायची, पण जास्त करून इथले मूळचे लोक, पोटावाटोमी आणि त्यांच्या आधीचे, हजारो वर्षं मुद्दाम लावत आले, चारा चांगला यावा, शिकार दिसावी म्हणून. १८३३ च्या शिकागो तहानंतर त्यांना इथून पश्चिमेला हाकललं गेलं आणि आग पण बंद झाली. मग काय झालं, झुडपं शिरली. त्यातलं सगळ्यात डांबरट म्हणजे बकथॉर्न, युरोपातून कुंपणासाठी आणलेलं, त्याच्या सावलीत खाली काही म्हणजे काही उगवत नाही, ओकची पोरंसुद्धा नाहीत.

आता आगीत फरक कुणाला पडतो बघ. प्रेअरीच्या गवताचा कोंब जमिनीच्या खाली असतो, मुळं कितीतरी फूट खोल, वरचं जळून गेलं तरी त्याला काही नाही. बर ओकची साल जाड, बुचासारखी, ते झाड आग सोसतं. बकथॉर्नची साल पातळ, बुंधा जळतो. म्हणून आग म्हणजे इथे खुरपणीच म्हण.

मी एकदा कुंपणाबाहेरून हे पाहिलंय. मार्चचा शेवट, सगळं वाळून पिवळं. परवाना काढलेला, शेजाऱ्यांना कळवलेलं, अंगावर पिवळे जाड कपडे घातलेली माणसं, पाठीवर पाण्याचे पंप, हातात लांब दांड्याला रबरी फडका. वारा कुठून येतो ते बघितलं, आणि वारा जिकडे चाललाय त्या टोकाला आधी पेटवलं, म्हणजे आग वाऱ्याच्या विरुद्ध हळूहळू, रांगत आली आणि मागे काळा पट्टा करत गेली. तुमचाच जाळपट्टा, फक्त आगीनेच काढलेला. तो पुरेसा रुंद झाल्यावर मग दुसऱ्या टोकाने लावलं, आणि मग जो आवाज आला बाबा, दिवाळीच्या फुलबाज्यांचा अख्खा बॉक्स एकदम पेटवावा तसा तडतडाट, माणसापेक्षा उंच ज्वाळा, आणि काळ्या पट्ट्याला येऊन टेकली की गप. वीस मिनिटांत संपलं. तीन आठवड्यांनी गेले तर काळ्या राखेतून पोपटी सुया वर आलेल्या, काळी जमीन ऊन धरते म्हणून तिथे शेजारच्यापेक्षा आधी. आणि सगळा माळ एकदम कधीच जाळत नाहीत, गवतात झोपलेल्या किड्या-फुलपाखरांसाठी एक भाग ठेवतात, पुढच्या खेपेला तो.

तुमच्याकडचा वणवा यात कुठे बसतो तूच बघ. काडी टाकून पळालेला माणूस, वाऱ्याचा विचार नाही, थांबवायची सोय नाही, डोंगराचा उतार म्हणजे आग वर पळत जाणार, लावलेली रोपं, जमिनीवरची घरटी सगळं खाऊन. आणि उघडी पडलेली माती जूनच्या पहिल्या पावसात खाली. इथे सपाट जमीन आहे आणि तो पाऊस नाही. तेव्हा तुमचं विझवणं चालू ठेवा, माझा कॉलम दाखवून कुणी पेटवायला निघालं तर त्याला हा परिच्छेद दाखव. आपल्याकडच्या माळाला आग कधी, किती चालते ते तिथे काम करणाऱ्या लोकांना विचारावं, सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा ज्या माळावर राहतात तो एकदा जाऊन बघून ये.

लहान मुलांची आई, स्कोकी: कुठल्या महिन्यात न्यावं? मुलं पाच आणि आठ वर्षांची, दहा मिनिटांत कंटाळतात.

एप्रिलच्या शेवटी राईत न्या, ओकला पानं फुटायच्या आत खालची फुलं घाईघाईने उमलून घेतात, ट्रिलियम, ब्लूबेल, छत्रीसारखं मेअॅपल, कारण नंतर वर सावली होते आणि त्यांचं दुकान बंद. जुलै-ऑगस्ट माळाचा. मिल्कवीडची पानं उलटी करून मोनार्क फुलपाखराची पट्ट्यापट्ट्यांची अळी शोधायला लावा, माझी मुलं यातच तासभर गुंतायची. मिल्कवीड आपल्या रुईच्या कुळातलं, पान तुटलं की तसाच पांढरा चीक, आणि आपल्याकडेही रुईवर अशीच केशरी-काळी फुलपाखरं असतात, आजी-आजोबा बरोबर असले तर ते सांगतील. जूनच्या शेवटी संध्याकाळी काजवे दिसतात, पण फाटक कधी बंद होतं ते आधी बघून जा, नाहीतर तुमच्या स्कोकीतल्या कुठल्याही बागेत दिसतीलच. सप्टेंबरमध्ये पिवळी गोल्डनरॉड फुलते आणि सगळ्या शिंका तिच्या नावावर जातात, खरा गुन्हेगार तिच्या शेजारचं हिरवट रॅगवीड, ज्याचं फूल कुणाच्या लक्षातही येत नाही.

आणि मार्च. मार्चमध्ये नक्की न्या. रात्री गोठतं आणि दिवसा वितळतं असे काही आठवडे असतात, तेव्हा शुगर मेपलच्या खोडाला भोक पाडून नळी ठोकतात आणि बादली टांगतात. नेचर सेंटरमध्ये त्याचा कार्यक्रमच असतो. टप, टप, टप, नुसतं पाणी, चव घेतली तर कळेल न कळेल इतकं गोड. ते मोठ्या कढईत तासन्‌तास आटवतात, चाळीस लिटरचं एक लिटर होतं. आमच्या सासूबाई कोल्हापूरच्या, धूर आणि वाफ बघून म्हणाल्या, "हे तर गुऱ्हाळ आहे!" चव घेतल्यावर म्हणाल्या, काकवी बरी.

जाता जाता, तीन वेगवेगळ्या काकूंचा एकच प्रश्न: तिथे चाकवत उगवलेला दिसला. तोडला तर चालेल का?

नाही हो काकू. पान, फूल, बी, अळंबी, काहीच तोडायचं नाही, चाकवत तण असला तरी नाही. माझ्या आईने ओंजळभर तोडला होता, एका स्वयंसेवक बाईंनी इतक्या नम्रपणे सांगितलं की आईलाच लाजल्यासारखं झालं, आणि मग तिने तो परत द्यायला हात पुढे केला. तुमच्या भाजीच्या वाफ्यात पाणी घालून बघा, न पेरता येतो. शेंगदाणे आणि हरभऱ्याची डाळ भिजत घाला, ताक असेलच.